सासुरवाडीचा क्रमांक

माझी सासुरवाडी देशात नववी. म्हणजे लोकसंख्येत. हे मला लग्नाआधीच कळलं, आणि तेही चांगली फजिती होऊन. पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी ना माझं शिक्षण विचारलं, ना पगार. त्यांनी विचारलं, देशातली पहिली दहा शहरं क्रमानं सांगता येतील का. मी नकाशा कार्यालयातला माणूस, मला काय अवघड? आठपर्यंत धडाधड सांगितली आणि नवव्याला भलतंच नाव घेतलं. जिच्यासाठी गेलो होतो ती खिडकीकडे तोंड करून हसत होती. नववं शहर म्हणजे मी त्या घडीला ज्या शहरात खुर्ची अडवून बसलो होतो तेच.

तरी लग्न झालं. आठपर्यंत क्रम बरोबर होता, म्हणजे मुलगा सुधारण्यासारखा आहे, असं सासऱ्यांचं मत पडलं.

ते भूगोलाचे मास्तर. छत्तीस वर्षं एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर. त्यांचा एक लाडका नियम होता, आणि त्या गावात ज्यानं ज्यानं त्यांच्या हाताखाली सातवी केली त्याला तो झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. देशातली शहरं माणसांच्या संख्येनुसार उतरत्या क्रमानं लावा. पहिल्याच्या निम्मं ते दुसरं, तिसरा हिस्सा ते तिसरं, नववा हिस्सा ते नववं. त्यासाठी मिळणाऱ्या खास आलेखाच्या कागदावर मांडलं तर सगळी शहरं एका उतरत्या रेषेला धरून बसतात. वर एकच भलंमोठं शहर, मग थोडी मोठी, मग बरीच मधली, आणि खाली गावांची ही गर्दी. गंमत अशी की त्यांना कुणी तसं बसवत नाही. माणसं आपली नोकरीसाठी, शाळेसाठी, लग्न होऊन, भांडण होऊन इकडची तिकडे जातात, आणि रेष आपोआप तयार होते. का होते, हे मोठ्यामोठ्यांनाही धड सांगता येत नाही. सासऱ्यांना याचं पंचविसाव्या वर्षी जेवढं नवल वाटलं तेवढंच सत्त्याहत्तराव्या वर्षीही वाटतं, आणि या एका गोष्टीसाठी मला त्यांचा हेवा वाटतो.

नियम तसा ढिला, हे त्यांनाही मान्य. आमच्या देशात दुसरं शहर पहिल्याच्या निम्मं कधीच नव्हतं. त्याच्याविषयी ते नापास होणाऱ्या मुलाविषयी बोलावं तसं बोलत, की पोरगं हुशार आहे पण अभ्यास करत नाही. आणि राजधानी, म्हणजे जिथं मी नोकरी करतो आणि जिथं त्यांची एकुलती एक मुलगी मी नेऊन ठेवली, ती त्यांच्या मते पंगतीत बसून शेजाऱ्याच्या पानातलं उचलणारी. पण त्यांचं स्वतःचं शहर मात्र चार गणत्या, म्हणजे चाळीस वर्षं, रेषेवर ठाम होतं. पहिल्याचा नववा हिस्सा, दोन-चार हजार इकडे किंवा तिकडे. स्वतःच्या मुलाचा पहिला नंबर आल्यासारखे ते हे सांगत.

आता माझं काम काय, तेही सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. नकाशावर रेषा, नद्या, रस्ते, घरं काढणारे वेगळे. मी नावं बसवतो. चोवीस वर्षं हेच करतोय. कुठलं नाव कुठे, किती मोठं, ठिपक्याच्या उजवीकडे की डावीकडे, नदीला आडवं जाऊ नये, रेल्वेच्या रुळांवर पाय देऊ नये. लोकांना वाटतं यात काय मोठंसं. नाव चांगलं बसलं की ते दिसतच नाही, माणूस सरळ वाचतो. वाईट बसलं की शाळेतलं पोरही हसतं. आमच्याकडे नियम असा की देशाच्या नकाशावर पहिल्या नऊ शहरांना ठळक अक्षर, दहाव्यापासून बारीक. म्हणजे माझी सासुरवाडी ठळकांतली शेवटची. अक्षराचा आकार वरून ठरून येतो. पण दोन अक्षरांमध्ये अंतर किती सोडायचं, हे मी ठरवतो, आणि मला वाटतं साऱ्या कार्यालयात माझ्या हातात असलेली ती एकमेव सत्ता आहे.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यानंतर बायकोचा एकच धोशा, बाबांना इकडे आणायचं. एकदा त्यांच्याकडून गॅस चालू राहिला. एकदा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मी म्हणालो, माझाही सापडतो, पण आपलं ऐकतो कोण. सासऱ्यांना विचारलं की ते हसून टाळत. ते म्हणत, "मी आलो तर तुमच्या अठरा लाखांत एक वाढणार आणि आमच्या दोन लाखांत एक घटणार. रेष दोन्ही टोकांनी वाकेल. तुला चालेल?"

मग नवी गणती झाली आणि कच्ची यादी छापून आली. राजधानी अठरा लाख चार हजार. सासुरवाडी एक लाख सत्त्याऐंशी हजार नऊशे. क्रमांक अकरावा.

सासऱ्यांनी गणती कार्यालयाला पत्र लिहिलं, आकडा चुकला आहे. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. मग तिसरं, आलेखाचा कागद जोडून. पाचव्या पत्राला छापील उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. सहाव्या पत्रात त्यांनी विचारलं, नोंद कुठे घेतली, त्या वहीचं पान कळवावं. नवव्या पत्राच्या सुमारास त्यांच्या शेजाऱ्यानं बायकोला फोन करून हळूच सांगितलं, की मास्तर हल्ली रस्त्यात माणसांना थांबवून विचारतात, तुला मोजलं का.

त्याच आठवड्यात आम्ही गेलो. घर स्वच्छ होतं, स्वयंपाक झालेला होता, सासरे दाढी करून बसले होते. वेडाचं एकही लक्षण नाही. फक्त जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती, सगळे कागद. त्यांनी मला समजावून सांगितलं. दहा वर्षांत फक्त सात हजार वाढ? शाळेत एकेका इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या त्या चार झाल्या. सकाळची बस दोनदा सुटते. मी मान डोलावत होतो, पण खरं सांगायचं तर मला ते पटत नव्हतं. मला वाटलं, चाळीस वर्षं रेषेवर चाललेलं शहर घसरलं, हे म्हाताऱ्याला सोसत नाहीये. शहरं घसरतात. आकडे कुणाच्या भावना बघून लागत नसतात. असा मी शहाणा.

बायकोनं कागद बाजूला केले आणि सरळ विचारलं, की तुम्ही एकटेच बरोबर आणि सगळं सरकार चूक, असं कसं असेल. सासऱ्यांनी खडू टाकावा तशी पेन्सिल टेबलावर टाकली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी पक्की यादी लागते. तिच्यात आपलं शहर नववं आलं नाही, तर माझं डोकं गेलं असं मी स्वतः म्हणेन आणि तुझ्याकडे राहायला येईन. बोचक्या-गाठोड्यासकट."

"आणि आलं तर?"

"तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

पक्की यादी म्हणजे कच्च्या यादीवर मारलेला शिक्का. तिच्यात कधी काही बदलत नाही, हे मला माहीत होतं, बायकोला मी सांगितलं होतं, आणि सासऱ्यांनाही माहीत असणारच. तरी त्यांनी हात पुढे केला, तिनं तो हातात घेतला, आणि पैज लागली.

परत आल्यावर हिनं घर डोक्यावर घेतलं. मागच्या खोलीतलं शिवणयंत्र आमच्या खोलीत आलं, आमच्या खोलीतलं कपाट बोळात गेलं, आणि बोळातून मला अंग चोरून जाणं आलं. भिंतींना रंग लागला. पलंग खिडकीशी लावला, कारण बाबांना रस्ता दिसायला हवा. रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढलेली ही गुणगुणत होती. सासूबाई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. एका खोलीच्या मोबदल्यात हे मिळत असेल तर बोळातून मी आडवा चालायलाही तयार होतो.

इकडे कार्यालयात नव्या आवृत्तीचं काम निघालं. क्रमांक बदलले की अक्षरं बदलतात. देशाच्या नकाशावर मी सासुरवाडीचं ठळक नाव बारीक केलं. हात जरा जड झाला, पण केलं. मग शहराचा स्वतंत्र मोठा नकाशा उघडला, ज्याच्यात गल्ल्या, घरं, पूल सगळं दिसतं. त्यावरचं नावही आता लहान व्हायला हवं होतं.

हा नकाशा माझ्या खास मायेतला. आठ वर्षांपूर्वी मी यावर नाव बसवलं तेव्हा नदीच्या पलीकडे वीटभट्ट्या आणि मोकळी जमीन, एवढंच होतं. नाव सहा अक्षरी. नियमानं जेवढं मोठं करता येईल तेवढं केलं आणि मग अक्षरांमध्ये अंतर सोडत सोडत ते नदीपलीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलं. असं रुबाबदार नाव राजधानीच्या नकाशावरही नाही. तो नकाशा चौकटीत घालून सासऱ्यांना दिला. त्यांनी दिवाणखान्यात लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, आणि नवव्या नंबरची माझी जुनी चूक त्या दिवशी माफ झाली.

तर ते नाव मी लहान करून शहराजवळ ओढलं. अक्षरं आपापल्या जागेवरून आक्रसून नदीच्या अलीकडे आली, आणि पलीकडे ती जिथं होती तिथं काळे ठिपके उमटले. बारीक चौकोनी ठिपके, रांगांनी. मला आधी वाटलं यंत्रात बिघाड आहे. मग भिंग घेतलं. घरं होती ती. गल्ल्या होत्या, दोन विहिरी होत्या, एक शाळाही असावी. मी मोजायला लागलो आणि चारशेवर सोडून दिलं.

आमच्या धंद्यात नावाखाली काही आलं तर ते पुसलं जातं. अक्षराभोवती पांढरी पट्टी राहते, म्हणजे नाव नीट वाचता येतं. यंत्र ते आपोआप करतं. चार वर्षांपूर्वी जमीन-मोजणीवाल्यांनी नवी वस्ती नकाशात चढवली होती, आणि माझ्या रुबाबदार अक्षरांनी ती पुसून टाकली होती. अशा वेळी नाव हलवायचं असतं, हा माझ्या कामाचा पहिला धडा. कागदाच्या कोपऱ्यात तपासल्याची सही होती. माझीच. आणि आता लपवून काय उपयोग, मला तेव्हा दोन अक्षरांच्या मधल्या फटीत काही घरं डोकावताना दिसली होती. मी म्हटलं असेल काहीतरी. दिवाणखान्यातल्या चौकटीत नवी प्रत घालायची होती, नाव हलवलं तर तिथं काय लावणार?

गणतीवाल्यांनी मोजणीचे गट याच नकाशावरून पाडले होते. मी त्यांच्या कार्यालयात फोन केला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, नदीपलीकडे गट किती. तिथल्या बाईंनी कागद चाळले.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. "तिथं वस्ती कुठे आहे? तिथं नुसतं शहराचं नाव आहे."

मी फोन ठेवला आणि पाणी प्यायलो. सासऱ्यांना खूश करायला गेलो आणि त्यांचीच माणसं खाल्ली.

यानंतर मी तीन दिवस गप्प बसलो. त्याची लाज वाटते, पण बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा तो सगळा हिशेब होता. मी बोललो नाही तर कुणालाही कळणार नव्हतं. सासरे आमच्याकडे येणार होते, हिची काळजी मिटणार होती, मला संध्याकाळी गप्पांना माणूस मिळणार होता. बोललो तर चोवीस वर्षांची अब्रू जाणार होती आणि वर ती रंगवलेली खोली रिकामी. ही पडद्याचं कापड आणून मला विचारत होती, निळं की पिवळं. मी म्हणालो दोन्ही छान. मला ताप आहे का, असं तिनं कपाळाला हात लावून पाहिलं.

तिसऱ्या संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. मुलीला नाही, मला. ते मला जावईबापू म्हणतात, पहिल्या दिवसापासून थट्टेत म्हणतात, पण त्या दिवशी आवाजात थट्टा नव्हती.

"जावईबापू, एक काम होतं," ते म्हणाले. "अठरा लाख चार हजार भागिले नऊ. जरा करून सांगता का? मी तीनदा केलं. दोन लाख चारशे चव्वेचाळीस येतात. तेवढेच येतात ना?"

तेवढेच येतात. मी सांगितलं तेवढेच येतात. ते म्हणाले, बरं, बरं, आणि थोडं थांबून म्हणाले, तिला सांगू नका मी विचारलं म्हणून. छत्तीस वर्षं भागाकार शिकवलेला माणूस भागाकार तपासून घेत होता. मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर दोन्ही नकाशे ठेवले, नावासकट आणि नावाशिवाय. आमचे साहेब ओरडणाऱ्यांतले नाहीत. ते नुसते चष्मा पुसत राहतात आणि माणूस घामानं निथळतो. बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, की हे नाव इतकं ताणायचं कारण काय. मी म्हणालो, सासुरवाडी आहे. त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मग म्हणाले, गणती कार्यालयाला पत्र तुम्हीच लिहा, तुमच्या सहीनं, आणि सगळं लिहा. शिवाय पुढचं वर्षभर माझ्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल. चोवीस वर्षांनी पुन्हा शिकाऊ उमेदवार झालो, पण त्या दुपारी मला कडकडून भूक लागली.

घरी सांगणं जास्त अवघड होतं. ही पडद्याची कड शिवत होती. मी सगळं सांगितलं, गणतीच्या फोनपासून साहेबांच्या चष्म्यापर्यंत, फक्त भागाकाराचं गाळलं. तिनं यंत्र थांबवलं. बाबा बरोबर होते म्हणजे, असं म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. मग तिनं मागच्या खोलीकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल, मला चार शब्द सुनावेल, आणि ते मी ऐकून घेतले असते. पण तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं आणि कड शेवटपर्यंत शिवली. पडदा पिवळा होता.

गणती कार्यालयानं वस्तीपुरती फेरमोजणी लावली. सुट्टी काढून आम्ही दोघं गेलो. सासरे नवे बूट घालून तयार होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून कबुली दिली. ते दिवाणखान्यातल्या चौकटीजवळ गेले, नाकाला काच लागेपर्यंत वाकून बघितलं, आणि म्हणाले, "म्हणजे चार वर्षं रोज मी यांच्याकडे बघत होतो." एवढंच. रागावले नाहीत. मला ते रागावायला हवे होते.

पुलापलीकडे वीटभट्टीवर एक मुकादमबाई होत्या, पन्नाशीच्या, सगळी वस्ती त्यांचं ऐकणारी. त्यांनी मोजणीवाल्यांना पाट टाकले आणि घरोघर फिरवलं. चालता चालता त्यांनी सांगितलं, गणतीची बातमी कळली तेव्हा दोन दिवस कुणी कामाला गेलं नाही. पोरांना आंघोळी घातल्या, म्हाताऱ्यांची वयं ठरवून ठेवली. कुणी आलंच नाही. मग सगळ्यांना वाटलं, पक्की घरं असणाऱ्यांनाच मोजत असतील. आम्ही विटा करतो, आमची घरं पत्र्याची.

हे ऐकून मला राहवलं नाही. मी त्यांना म्हणालो, चूक सरकारची नाही, माझी आहे, नकाशावर तुमच्या घरांवर मी शहराचं नाव लिहून ठेवलं होतं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सगळ्या शहराचं नाव?" त्यांनी विचारलं. "आमच्या एवढ्याशा वस्तीवर?"

मी हो म्हणालो. त्या हसायला लागल्या, आणि त्यांनी ते पुढच्या घरात सांगितलं, तिथून ते पुढच्या, आणि गल्ली संपेपर्यंत पोरं माझ्याकडे बोट दाखवायला लागली. सासरे मात्र कुणाकडे बघत नव्हते. प्रत्येक दारात उभे राहून ते मोजणीवाल्याच्या खांद्यावरून आकडा वाचत आणि ओठांतल्या ओठांत बेरीज करत. दोन घरांत त्यांचे जुने विद्यार्थी निघाले. त्यातल्या एकानं पाया पडायच्या आत नियम म्हणून दाखवला.

तीन महिने भरले त्या दिवशी आम्ही पुन्हा त्यांच्याकडे होतो. वर्तमानपत्रात पक्की यादी आली. सासऱ्यांनी ती टेबलावर पसरली, पट्टी लावली, आणि बोट वरून खाली आणलं. वस्तीत सहा हजार नऊशे ऐंशी माणसं सापडली होती. शहर एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे ऐंशी. मी आनंदानं त्यांच्या पाठीवर हात ठेवणार तेवढ्यात त्यांचं बोट थांबलेलं मला दिसलं. वरच्या ओळीवर दुसरंच शहर होतं, एक लाख शहाण्णव हजारांचं.

सासुरवाडी दहावी आली होती.

मी म्हणालो, बाबा, रेष ती रेष, थोडं इकडे-तिकडे चालतंच की, तुम्हीच सांगता. तुमचे सात हजार खरेच होते, हे मुख्य. त्यांनी ऐकलं. पट्टी उचलून तिच्या जागेवर ठेवली. मग आतल्या खोलीत गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बॅग होती. भरलेली. कधी भरून ठेवली होती कोण जाणे.

"मी नववं म्हणालो होतो," ते मुलीला म्हणाले. "अकराशेवीस माणसांनी हुकलं. हुकलं ते हुकलं. पेपर तपासताना मी कुणाला अर्धा गुण जास्त दिला नाही, आता स्वतःला कसा देऊ? पैज तू जिंकलीस. पुस्तकं मागाहून नेऊ."

मी बायकोकडे पाहिलं. तिला फक्त चला म्हणायचं होतं. तीन महिने ती ज्याच्यासाठी शिडीवर चढली, ते आपल्या पायांनी दारात येऊन उभं होतं, आणि तेही अगदी कायद्यात बसून. तिला ते किती हवं होतं ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी तोंड बंद ठेवलं. या घरात मी पुरेसं ढवळलं होतं.

तिनं उठून त्यांच्या हातातली बॅग घेतली. जड होती, दोन्ही हात लावावे लागले.

"जिंकले ना मी?" तिनं विचारलं.

"जिंकलीस."

"मग मी सांगेन तसं करायचं. इथंच राहायचं. सुट्टीला आमच्याकडे यायचं, पलंग खिडकीशी लावलाय. आणि गॅसला मी उद्या आपोआप बंद होणारं बटण लावून घेणार आहे, त्यावर पत्रं लिहायची नाहीत."

उत्तर चुकलं आहे की बरोबर आहे, हे सासऱ्यांना पहिल्यांदाच कळत नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. बसताना त्यांचे गुडघे वाजले.

"मला वाटलं होतं तू हो म्हणशील," ते हळू म्हणाले.

"म्हणायचंच होतं, बाबा," ती म्हणाली, आणि बॅग आत ठेवून चहा टाकायला गेली.